ऑक्टोबरचा आकडा

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला आलं, २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. या चार तारखा मला पाठ आहेत, कारण मी रंगाच्या धंद्यात आहे. आपल्याकडे घराला रंग काढायचा तो बहुतेक दिवाळीच्या आधी. पाऊस उघडून भिंती सुकायला हव्यात, रंगारी मिळायला हवेत, आणि पणत्या लागायच्या आत हलवलेलं सामान जागच्या जागी जायला हवं. दिवाळी नोव्हेंबरात असली की या सगळ्याला सवड मिळते. ती ऑक्टोबरात लवकर आली तर ओली भिंत आणि सण यांच्यात फारसं अंतर उरत नाही, आणि कितीतरी घरं रंगाचं काम पुढे ढकलतात. २०२५ मध्ये तर सप्टेंबरअखेरीस मराठवाडा आणि सोलापूर पुरात होते. तिथे कोण भिंतींना हात लावणार?

कुठल्या डेपोला कुठल्या महिन्यात कुठला माल किती लागेल, हे आधी सांगणं हे डिमांड प्लॅनरचं काम. त्याच्या आकड्यावर कारखान्याचं वेळापत्रक ठरतं, कच्च्या मालाच्या ऑर्डरी जातात, गाड्या लागतात. अशा माणसांच्या मुलाखती घेणं हा आता माझ्या नोकरीचा मोठा भाग झाला आहे, आणि मला तो सगळ्यात जबाबदारीचा वाटतो.

उमेदवार बसला, पाणी प्यायला, की मी त्याच्यापुढे एक कागद ठेवते. कागदावर एका डेपोची महिनावार विक्री असते: पांढऱ्या बेसच्या वीस लिटरच्या बादल्या, मागची काही वर्षं. हा बेस म्हणजे दुकानातल्या टिंटिंग मशीनखाली जाणारा मूळ रंग. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, मशीन त्या बेसमध्ये रंगद्रव्याचे थेंब सोडतं आणि शेड तयार होते. शेड हजारो असल्या तरी बेस मोजकेच, त्यामुळे प्लॅनिंग सोपं झालं. पण तो एक बेस संपला तर त्याच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या शेड एकदम संपतात. कागदावरचा ऑक्टोबर एका वर्षी बसलेला, पुढच्या वर्षी उसळलेला, त्याच्या पुढच्या वर्षी मधेच कुठेतरी. माझा प्रश्न एवढाच: येत्या ऑक्टोबरचा आकडा सांगा.

बहुतेक जण पेन उचलतात आणि सरासरी काढतात. जास्त शिकलेले अलीकडच्या वर्षाला जास्त वजन देतात. काही जण होल्ट आणि विंटर्स यांची पद्धत सांगतात, १९५७ ते १९६० या काळात मांडलेली आणि आजही भरवशाची. ती दर बारा महिन्यांनी फिरून येणारा हंगाम पकडते. पण आपला हंगाम इंग्रजी महिन्याला बांधलेला नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना येऊन त्यांना पुढे ढकलतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, म्हणून त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात गेली. दिवाळीची तारीख आपण वेगळी भरली नाही, तर पद्धतीला ती कळायची काही सोय नाही. मग महागडं सॉफ्टवेअरही ऑक्टोबरची सरासरीच काढत बसतं.

मी ज्याची वाट पाहत असते, तो उमेदवार पेन उचलत नाही. तो विचारतो, "मॅडम, या वर्षी दिवाळी कधी आहे?"

मी हे शिकले ते कऱ्हाडच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कालनिर्णयावर. १९७३ साली जयंत साळगावकरांनी सुरू केलेली ही दिनदर्शिका आमच्याकडे तिथी पाहण्यासाठी होतीच, पण आईसाठी ती वहीसुद्धा होती. दूध किती घेतलं, पेपरवाल्याचा खाडा कधी झाला, गॅसचं सिलिंडर कुठल्या तारखेला लावलं, हे सगळं ती त्या त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायची. तेव्हा सिलिंडर नोंदवून वाट पाहावी लागे, आणि ती वाट किती लांबेल याची खात्री नसे. सिलिंडर किती दिवस जातं हे आईला ठाऊक होतं. तरी ती दिवस मोजून नंबर लावत नसे. पान उलटून पुढचा महिना पाहायची. गौरी-गणपती असले, कोणी बाळंतपणाला येणार असलं, मार्गशीर्षातल्या गुरुवारांची उद्यापनं असली, तर नंबर आधी लावायचा. पितृपक्षात एक दिवस मोठा स्वयंपाक, एरवी घर शांत. आणि सणाच्या तोंडावर एजन्सीकडेही सगळ्यांचीच गर्दी होणार, म्हणजे वाटही लांबणार, हेसुद्धा ती धरायची. लागणारा माल आणि माल यायला लागणारा वेळ, दोन्ही एकाच वेळी बिघडतात, हे तिच्या हिशेबात होतं. पुढे सेफ्टी स्टॉकचं, म्हणजे अडीअडचणीला राखून ठेवायच्या मालाचं, सूत्र शिकले तेव्हा त्यातला पुरवठ्याच्या वेळेचा चढउतार मला नवा वाटला नाही.

मुलाखतीत मात्र नेमका हाच भाग लोक विसरतात. सूत्र बहुतेकांना येतं: ९५ टक्के वेळा माल हाताशी हवा असेल तर १.६५, गुणिले मागणीचा चढउतार, गुणिले लीड टाइमचं, म्हणजे माल यायला लागणाऱ्या वेळेचं, वर्गमूळ. मग मी विचारते, लीड टाइमच हलला तर? २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाले, आणि युरोपातून न्हावा शेव्याला येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. माल कधी येणार याची एक तारीख कोणीच देईना. अशा वेळी मागणीचा कितीही सुरेख अंदाज एकटा पुरत नाही. आणि ९५ टक्के म्हणजे काय, हेही मी विचारते. वीस खेपांत एकदा माल संपणार, हे आपण आधीच मान्य केलं, असा त्याचा अर्थ. तो दिवस उजाडला की डीलरचा फोन कोण घेणार? इथे काही मुलं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहतात. परीक्षेसाठी पाठ केलेल्या आकड्याच्या पलीकडे कोणीतरी माणूस उभा आहे, हे त्यांना दिसतं. मला तो क्षण फार आवडतो.

माझी स्वतःची पहिली मुलाखत भोसरीच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात झाली होती. मला किफायतशीर ऑर्डरचं, म्हणजे एका वेळी किती माल मागवणं स्वस्त पडतं त्याचं, सूत्र विचारलं. फोर्ड हॅरिसनं १९१३ साली मांडलेलं, वर्गमूळाचं. मी ते लिहिलं आणि मला घेतलं. त्या सूत्रात साठवणुकीचा खर्च कुठून आणायचा, तो कोण ठरवतं, हे कोणी विचारलं नाही. आमच्या क्षेत्रातल्या अनेक मुलाखती अजून तशाच होतात. उत्तर येतं का ते पाहिलं जातं. प्लॅनरचं काम उत्तराच्या बरंच आधी सुरू होतं, दिलेल्या आकड्यांकडे संशयानं पाहण्यापासून.

म्हणून माझ्या कागदात काही महिने मुद्दाम तसेच ठेवलेले असतात. जून २०१७ पडलेला आहे. १ जुलैला जीएसटी लागू होणार होता, डीलर जुना माल अंगावर नको म्हणून खरेदी थांबवून बसले होते. भिंतींना तेवढाच रंग लागत होता, फक्त आमच्या डेपोतून तो निघत नव्हता. एप्रिल २०२० जवळपास शून्य आहे, त्याचं कारण सांगायला नको. आणि एका साध्या फेब्रुवारीत आकडा अचानक निम्मा आहे. त्या महिन्यात डेपोत बेस संपला होता. लोक मागत होते, आमच्याकडे नव्हता. विक्रीचा आकडा मागणी सांगत नाही. जेवढं आपण देऊ शकलो तेवढंच सांगतो. जो उमेदवार फेब्रुवारीवर बोट ठेवून "तेव्हा माल होता का?" असं विचारतो, त्याच्याकडे बाकी काही कमी असेल तर ते मी शिकवीन.

अशी एक मुलगी आली होती. आमच्याच क्षेत्रातल्या एका डेपोत बिलिंगला होती, वाणिज्य शाखेची पदवी, गाव कणकवलीकडचं. इंग्रजीत बोलताना अडखळत होती, म्हणून मी मराठीत वळले. कागद पाहून ती म्हणाली, "या डेपोतून तळकोकणात माल जातो का? मग ऑगस्टसुद्धा बघायला हवा. आमच्याकडे रंग गणपतीच्या आधी काढतात." पुढे म्हणाली, गणपती ऑगस्टअखेरीला असले तर माल भर पावसात घाटातून उतरवावा लागतो, आणि दरड आली की रस्ता बंद. म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधीच खाली पाठवून ठेवायला हवा. दिवाळीचं गणित तिनं पूर्ण केलं नाही, आकडाही एक दिला नाही. "इतक्यापासून इतक्यापर्यंत," असं म्हणाली, आणि सप्टेंबरात पाऊस कधी उघडतो ते पाहून आकडा बदलीन, असंही सांगितलं.

ती बाहेर गेल्यावर मुलाखत समितीतले एक सहकारी म्हणाले, "हुशार आहे, पण आत्मविश्वास कमी वाटला." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर शांतपणे बोलायची मी सवय लावून घेतली आहे. ज्या कामात शंका मोजायची असते, त्याच कामासाठी आपण शंका न येणारी माणसं निवडतो. "चार हजार दोनशे बादल्या" असं ठाम सांगणाऱ्याला गुण मिळतात आणि "साडेतीन ते पाच हजार, आणि ते का" असं सांगणाऱ्याला मिळत नाहीत. पण कारखान्याला उपयोग दुसऱ्याचा असतो. त्या दोन टोकांच्या मधल्या अंतरावरच ठरतं, किती माल राखून ठेवायचा.

उमेदवाराला पारखणं हासुद्धा अंदाजच आहे. तासाभराच्या बोलण्यावरून हा माणूस दोन वर्षांनी कसं काम करेल, हे सांगायचं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. ठरलेले प्रश्न सगळ्यांना सारखे विचारले तर मुलाखत आणि पुढचं काम यांचा सहसंबंध ०.५१, आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.३८, असं त्यांना दिसलं. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित दुरुस्त केलं, तेव्हा आकडे ०.४२ आणि ०.१९ वर आले. गप्पांवरून माणूस ओळखता येतो असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी ०.१९ हा आकडा समोर लिहून ठेवावा. ०.४२ हादेखील काही छाती काढून सांगण्यासारखा नाही, पण तो दुपटीहून जास्त आहे, आणि त्यासाठी कागद-पेनाखेरीज काही लागत नाही.

हे आकडे वाचल्यापासून आमच्याकडे प्रत्येक परीक्षक चर्चेच्या आधी आपले गुण लिहून पाकिटात टाकतो. नाहीतर ज्येष्ठ माणूस पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे त्याच्या आसपास येऊन थांबतात. विक्रीच्या बैठकीत हेच होताना मी आयुष्यभर पाहिलं आहे. गुणांसोबत कमी-जास्तीची मर्यादाही लिहायची, आणि निवडलेल्या माणसाचं पहिलं वर्ष संपलं की पाकीट पुन्हा उघडून ताडून पाहायचं. बिलिंगच्या त्या मुलीला चौघांपैकी दोघांनी वरचे गुण दिले होते, दोघांनी मधले. गुण समोरासमोर ठेवल्यावर बोलणं आत्मविश्वासावरून निघालं आणि तिच्या प्रश्नांवर आलं. तिला बोलवायचं ठरलं.

दुसऱ्या फेरीत शेवटी आम्ही नेहमीसारखं विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? लोक बहुधा पगार आणि सुट्ट्या विचारतात, आणि त्यात गैर काही नाही. तिनं विचारलं, "गेल्या वर्षी तुमचा अंदाज किती चुकला? आणि चुकला की बोलणी कोणाला बसतात?"

विक्रीचे सहकारी माझ्याकडे पाहू लागले. मी लॅपटॉप तिच्या बाजूला वळवला आणि डेपोवार तक्ता उघडला. कोल्हापूरला आम्ही सातत्यानं जास्त धरत होतो, नाशिकला कमी. महिनाअखेरीला स्कीम लावून डीलरच्या गोदामात ढकललेला माल पुढच्या महिन्यात अंदाजाला कसा खड्ड्यात घालतो, तेही त्यात दिसत होतं. बोलण्यांबद्दल विक्रीच्या सहकाऱ्यांनीच उत्तर दिलं. आधी सगळी प्लॅनरला बसत; आता अंदाज एकाच बाजूला पुन्हा पुन्हा झुकत असेल तर प्लॅनरला आणि विक्रीला, दोघांनाही मिळून जाब द्यावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. एखाद्या महिन्याच्या चुकीवर कोणी बोलत नाही, पण मार्च अखेरीला आवाज चढतात, हेही त्यांनी लपवलं नाही. तिनं नाशिकचा तक्ता पुन्हा एकदा वर सरकवून पाहिला, द्राक्षाच्या हंगामाबद्दल काहीतरी विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

मग तिनं नोकरी घ्यायची की नाही हे ठरवायला थोडा वेळ मागितला. आम्ही तो दिला.