लाखेचा शिक्का आणि नव्वद दिवस

लाल फितीच्या गाठीवर लाख वितळताना जो वास सुटतो, तो मला अजून आठवतो. मेणबत्तीवर कांडी धरायची, थेंब बरोबर गाठीवर पडू द्यायचा आणि लाख निवायच्या आत कोर्टाचा पितळी शिक्का दाबायचा. शिक्का तिरका बसला तर लाख खरवडून पुन्हा सगळं पहिल्यापासून. परदेशी जाणाऱ्या कागदावर तिरका शिक्का आमचे साहेब चालवून घेत नसत.

मुंबईतल्या एका फौजदारी कोर्टात मी 1988 साली स्टेनो म्हणून लागले. दोन वर्षांनी, 1990 च्या फेब्रुवारीत, फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 166-अ आलं. गुन्ह्याचा पुरावा परदेशात असेल, तर तपास चालू असतानाच आपल्या कोर्टाने तिथल्या कोर्टाला विनंतीपत्र पाठवायचं, अशी ती तरतूद. विनंतीपत्र हा शब्द कागदावरचा. बोलण्यात सगळे ‘एलआर’च म्हणायचे, म्हणजे लेटर रोगेटरी.

एलआर टाइप करायचा म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम. आधी मराठी फिर्यादीचं इंग्रजी. ‘सदर इसमाने विश्वास संपादन करून’ इथपर्यंत ठीक असे, पण ‘आंगडिया’ म्हणजे काय हे झुरिकच्या मॅजिस्ट्रेटला कसं सांगणार? आम्ही चार ओळींची टीप लिहायचो. लाख-कोटींचे आकडे मिलियनमध्ये मांडायचे आणि शून्यं दोघी स्टेनोंनी मिळून मोजायची. मग ज्या देशात जायचं त्या देशाच्या भाषेत भाषांतर. हे कृत्य आमच्या कायद्याने गुन्हा आहे, तुमच्याही कायद्याने असावा, खटला राजकीय स्वरूपाचा नाही आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर आम्हीही मदत करू, अशी हमी. शेवटी साक्षीदाराला विचारायचे प्रश्न.

त्या प्रश्नांवर साहेब सगळ्यात जास्त वेळ घालवत. तपास अधिकारी चाळीस प्रश्न घेऊन यायचे आणि साहेब निळ्या पेनाने त्यातले पंचवीस खोडायचे. “बाई, हे पत्र दिल्लीला जाणार, तिथून वकिलातीत, तिथून त्यांच्या मंत्रालयात, मग त्यांच्या कोर्टात. उत्तर याच वाटेने उलटं येणार. एक प्रश्न चुकला तर तो पुन्हा विचारायला तेवढीच वाट,” असं ते मला सांगत. त्यांच्या खोलीत मी कायदा शिकले नाही, पण नेमकं विचारायला शिकले.

वाट किती लांब असू शकते, ते बोफोर्स तोफांच्या लाच प्रकरणाने सगळ्या देशाला दाखवलं. गुन्हा नोंदवला जानेवारी 1990 मध्ये, स्वित्झर्लंडला विनंतीपत्र गेलं फेब्रुवारीत आणि बँकेच्या कागदांचा पहिला संच भारताच्या हाती आला जानेवारी 1997 मध्ये. खातेदारांनी तिथल्या कोर्टांत एकामागून एक हरकती घेतल्या होत्या. आमच्या लहानशा कोर्टातल्या एका फसवणुकीच्या प्रकरणात उत्तराचा लिफाफा आला, तेव्हा ते ऐकायला तक्रारदार आजोबा हयात नव्हते. त्यांच्या सुनेने रोजनाम्यावर सही केली. मी तो दिवस विसरू शकलेले नाही.

मग काळ झपाट्याने बदलला. 2003 मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष मुंबईच्या कोर्टाला पडद्यावर घेता येईल. फेब्रुवारी 2016 मध्ये 26/11 च्या मुंबई हल्ल्याच्या कटातला डेव्हिड हेडली अमेरिकेतून मुंबईच्या विशेष न्यायालयासमोर साक्षीला बसला आणि सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी इथून त्याला प्रश्न विचारले. मी ते टीव्हीवरच्या बातम्यांत पाहत होते. ज्या उत्तरांसाठी आमचं एक पत्र वर्षानुवर्षं फिरायचं, ती उत्तरं प्रश्न संपताच मिळत होती. माझे डोळे भरून आले, हे मोकळेपणाने सांगते.

आज कलम 166-अ नाही. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 112 आहे. फौजदारी प्रकरणांत एकमेकांना मदत करण्याचे करार अनेक देशांशी झालेत. अमेरिकेशी केलेला 2005 पासून लागू आहे. माझी भाची पोलिसांत सायबरचा तपास करते. लाखेचं वर्णन ऐकून ती म्हणाली, “मावशी, तुमच्या वेळी निदान पुरावा जागेवर तरी थांबायचा!”

तिच्या या वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार करत राहिले. ती अगदी खरं बोलली होती. बँकेची खतावणी तळघरात धूळ खात पडायची. आमचं पत्र तीन वर्षांनी पोचलं तरी ती तिथेच असायची. आता पत्र धावतं, पण पुरावा त्याच्याहून वेगाने पळतो. ई-मेल पुसले जातात, खाती बंद होतात, पैसा तासाभरात चार देश ओलांडतो. अमेरिकी कंपनीकडून ई-मेलचा मजकूर हवा तर अजूनही करारातून, तिथल्या न्यायाधीशाच्या आदेशानेच मिळतो. अशा विनंत्यांना सरासरी दहा महिने लागतात, असं अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या समितीनेच 2013 मध्ये लिहिलं होतं. त्यांच्या कायद्यात एक सोय मात्र चांगली आहे. पुढचा आदेश येईपर्यंत डेटा जपून ठेवा, असं तपास यंत्रणेने कळवलं की कंपनीने तो नव्वद दिवस राखायचा. आणखी नव्वद दिवसांची मुदतवाढही मागता येते.

भाचीच्या हाताखालची तरुण मुलं संगणकावर जुना मसुदा उघडतात, नावं बदलतात आणि ‘या खात्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहून मोकळी होतात. अशा विनंत्या परत येतात, कारण कोणता पुरावा, कोणत्या तारखांचा आणि गुन्ह्याशी त्याचा संबंध काय, हे तिथल्या न्यायाधीशाला पटावं लागतं. आमच्या साहेबांचा निळा पेन या मुलांच्या टेबलावर असायला हवा होता. लाख गेली, फीत गेली, त्याचं मला दुःख नाही. ते खोडणं गेलं, याचं आहे.

म्हणून तपास करणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: फिर्याद नोंदवली त्याच दिवशी डेटा राखून ठेवायला कळवा आणि मग विनंतीपत्र सावकाश, एकेक शब्द तोलून लिहा. आणि वाचकहो, तुमची ऑनलाइन फसवणूक झाली, तर लाजेने गप्प राहू नका, उद्यावर ढकलू नका. त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.