गाळा देण्याआधी

विचुंबे, ता. पनवेल
रविवार रात्र

ती. मामांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, पार्सलवाली कंपनी गाळ्याला चांगलं भाडं देतेय, दुकान बंद करतो आणि मोकळा होतो. मामी शेजारीच होत्या, त्यामुळे मला धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: सबंध गाळा देऊ नका. दुकान चालू ठेवा, मात्र आज चालवता तसं नको.

"तुमच्याकडे दुकानं चालतात का गं?" असं तुम्ही विचारलंत. चालतात, पण कशी, ते ऐका. विचुंबे कागदोपत्री अजून गावच आहे. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली, तिच्यात आम्ही नाही. इथे ग्रामपंचायत आहे आणि नियोजन सिडकोच्या 'नैना' विभागाकडे. गाव म्हणायचं, पण पनवेल स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असल्यामुळे इमारतींवर इमारती झाल्यात आणि प्रत्येकीच्या तळमजल्याला गाळे. मेडिकल, सलून, चिकन सेंटर टिकून आहेत. मोबाइल, चपला, खेळणी यांच्या पाट्या मात्र सारख्या बदलतात. संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली पार्सलांची चळत लागलेली असते. त्याला बसायला जागा नसते.

घरपोच सामानाची ही लाट आमच्या पट्ट्याने लवकर पाहिली. जिओमार्टच्या ऑनलाइन किराण्याची पहिली चाचणी झाली तीच मुळी २०१९च्या डिसेंबरअखेरीस, नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणमध्ये. त्याआधी महिन्याचं सामान डीमार्टने ओढून नेलं होतंच. नंतर मिनिटांत सामान पोचवणारे आले. त्यांना दर्शनी दुकान लागत नाही. वस्तीजवळ एक बंद गोदाम, आत रॅक आणि बाहेर मोटरसायकली, एवढं पुरतं. आमच्या इमारतीतले बहुतेक जण फोनवरच्या ॲपवरून मागवतात, आमच्या घरीही मागवलं जातं. साडेआठला लोकलमधून उतरणाऱ्या बाईला नऊ वाजता दूध दारात मिळत असेल, तर तिला कुणी बोल लावू नये.

पण तिच्यासारखी गिऱ्हाइकं गेल्याने दुकानात काय होतं, ते मी रोज बघते. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे संध्याकाळी सातला जाऊन उभं राहा. बांधकामावरची बाई येते. पाव किलो साखर, दहाची चहापावडर, चार अंडी, एक काडेपेटी. "शनिवारी देते." तो मान हलवतो, कॅलेंडरमागे खोचलेली वही काढतो आणि लिहितो. तिच्यामागे रिक्षावाला, त्याचंही तसंच. मग वरच्या मजल्यावरचा मुलगा धावत येतो, कोथिंबीर आणि दह्याचा कप घेऊन जातो. त्याच्या घरचे तांदूळ, तेल, डाळी, साबण या दुकानातून जाईनासे होऊन काळ लोटला.

मामा, धोका इथे आहे. दुकानावर उधारी चालते ती रोखीच्या यादीच्या जिवावर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगारदार घरांचं सामान जायचं, रोख पैसा हातात यायचा, त्यातून होलसेलवाल्याचं बिल भागायचं आणि हातावर पोट असलेल्यांना शनिवारपर्यंत थांबण्याची ऐपत दुकानदाराला यायची. फोनने नेमकी ती रोखीची यादी उचलली आणि वही मागे ठेवली. ॲपवर कोणी "शनिवारी देते" म्हणत नाही. आता हा माणूस वही किती दिवस पेलणार? तो उधारी थांबवेल तेव्हा त्या बाईने कुठे जायचं? मला याचीच जास्त काळजी वाटते, आणि वर्तमानपत्रात याबद्दल फारसं येत नाही.

आमच्या ऑफिसात पनवेलच्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची कामं असतात. टपाल नाका, उरण नाका, सगळीकडचे लोक येतात. त्यांची तक्रार गिऱ्हाइकाबद्दल कमी आणि खरेदीच्या भावाबद्दल जास्त असते. "आम्हाला डिस्ट्रिब्यूटरकडून ज्या भावात माल पडतो, त्याहून कमी भावात तो फोनवर विकला जातो, मग काउंटरवर बसून काय करायचं?" हे गाऱ्हाणं खरं आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच भावातल्या फरकावरून कोलगेटच्या काही वस्तू दुकानांना पुरवणं थांबवलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वितरकांच्या देशव्यापी महासंघाने झटपट पोच देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. वर्षभरात दोन लाख किराणा दुकानं बंद पडल्याचा दावाही त्यांनी त्याच सुमारास केला. नियम नाहीत असंही नाही. परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन बाजाराने स्वतःचा माल ठेवून विकायचा नाही, हे बंधन १ फेब्रुवारी २०१९ पासून आणखी आवळलं गेलं. पण बिलावर कुठल्या तरी तिसऱ्याच विक्रेत्याचं नाव असतं आणि भाव मात्र गुंतवणूकदाराच्या पैशावर पाडलेला असतो. सारख्या मालाला सारखा खरेदीभाव, एवढं जरी सरकारने आणि कंपन्यांनी पाळलं, तरी निम्मी लढाई दुकानदार स्वतःच्या कष्टाने जिंकतील. मला हे अगदी मनापासून वाटतं.

तसं पाहिलं तर आधी यादी द्यायची आणि दुकानात न जाता सामान घ्यायचं, यात नवीन काही नाही. दादरच्या मावशी वर्षानुवर्षं मुंबई ग्राहक पंचायतीचं सामान घेतात. १९७५ पासूनची ती संस्था. गटातल्या घरांच्या याद्या एकत्र करायच्या, माल घाऊक उचलायचा, एका सभासदाच्या घरी उतरवून वाटून घ्यायचा. भाव कमी व्हायचा तो शेकडो घरांनी मिळून खरेदी केल्यामुळे, आणि तो हिशेब मावशींना कळायचा. आजच्या सवलतीचा हिशेब कुणालाच कळत नाही. ती आज आहे, उद्या त्याच सामानावर हाताळणी शुल्क आणि प्लॅटफॉर्म शुल्क लागतं.

आता तुमच्या महाडचं. २२ जुलै २०२१च्या पुरात बाजारपेठेत पाणी भरलं, तुमचा सगळा माल चिखलात गेला. तरी दहाव्या दिवशी तुम्ही कट्ट्यावर पोती मांडून तांदूळ द्यायला बसलात, तेही वह्या भिजलेल्या असताना. नंतर लोकांनी स्वतः येऊन आपापली बाकी सांगितली आणि फेडली, हे मामींनीच मला सांगितलंय. अशी गिऱ्हाइकं भाड्याच्या करारात बसत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा. साबण, शाम्पू, बिस्किटं यांची फळी अर्ध्यावर आणा, तिथे भावात टिकणं शक्य नाही. गावचे तांदूळ, वाल, कुळीथ, पोहे, सुकी मिरची, मसाल्याचं सामान, पूजेचं साहित्य हे वाढवा. हाताने निवडून, वास घेऊन, "हा जुना तांदूळ आहे, भात मोकळा होईल" असं सांगून विकायचा माल तुमचा आहे. एसटीने बाजाराला येणाऱ्या गावांकडून आपल्या दादाने व्हॉट्सॲपवर याद्या घ्याव्यात, सामान बांधून तयार ठेवावं. म्हणजे बाई उतरली की पिशवी उचलेल आणि परतीची गाडी पकडेल. रोखीची यादी परत आणायचा मला सुचलेला हा एकच रस्ता आहे. उधारीला मर्यादा घाला, पण बंद करू नका.

आणि गाळ्याची मागची बाजू त्या कंपनीला द्याच. भाड्यातून तांदळाच्या हंगामाची खरेदी रोखीने होईल, भाव चांगला पडेल. फक्त करारात दरवर्षीची भाडेवाढ, सोडण्याची मुदत आणि विजेचं वेगळं मीटर, या तीन गोष्टी लिहून घ्या. मसुदा आला की सही करण्याआधी माझ्याकडे पाठवा. ऑफिसातल्या वकिलांना दाखवून दोन दिवसांत परत करते.

दादाशी मी स्वतः बोलेन. त्याला पुण्यात जायचंच असेल तर अडवू नका, पण दुकान बुडतंय म्हणून जातोय असं त्याच्या मनात राहू देऊ नका. मामींना नमस्कार.

आपली,
भाची

ता. क. इकडे याल तेव्हा पाच किलो वाल आणा. इमारतीतल्या तिघींनी आत्ताच मागून ठेवलेत, पैसे रोख देतील.