तांबडा दिवा

बिघाड झाला, की मनुष्य प्रथम दूरच्यास दोष देतो. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव येथे आषाढातील एका सायंकाळी असेच घडले. कपाशीच्या पीकविम्याचा अर्ज भरण्याचा तो अखेरचा दिवस होता आणि इंटरनेट बंद पडले. राउटरवर तांबडा दिवा लागला होता. वडिलांनी दोनदा यंत्र बंद करून चालू केले. मग संतापून ते म्हणाले, "सारा दोष कंपनीचा!"

सातवीत शिकणारी मुलगी मात्र शांत होती. "बाबा, आधी जवळचे पाहू," ती म्हणाली. वीज होती. मोबाइलही राउटरशी जोडलेला होता. म्हणजे घरातील जोडणी ठीक होती. बाहेरून येणारा प्रकाशच अडला होता. होय, प्रकाशच! त्या बारीक तारेत केसासारखा काचेचा तंतू असतो आणि त्यातून संदेश प्रकाशरूपाने धावतात. अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते, हे पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली दाखवून दिले. परंतु तंतू फार वाकला, तर प्रकाश वाटेतच निसटतो.

मुलगी तारेच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेली. तेथे खताच्या पोत्यामागे तार मुरडली होती. ते पोते सकाळी वडिलांनीच ठेवले होते. पोते हलवताच तार सैल झाली आणि थोड्याच वेळात दिवा हिरवा झाला.

अर्ज वेळेवर गेला. वडील ओशाळून हसले व म्हणाले, "पोरी, दोष घरातच होता!"