आप्पांची दरखास्त

आमच्या सातारा जिल्ह्यात पलटणीत भरती होण्याची परंपरा इतकी जुनी आहे की, अपशिंग्यासारख्या गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखतात आणि घरातला एखादा मुलगा फौजेत गेला नाही असे घर काही गावांत शोधून काढावे लागते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांनी आपले मुलगे सैन्यात धाडले, त्या घरी परतलेल्या शिपायाला त्याचे कायदेशीर देणे मिळवून देणारा जाणता वकील कोठे भेटतो, हे सांगणारा मनुष्य मात्र मला दीर्घकाळ भेटला नाही.

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे आप्पा म्हणतात, ते 1987 साली शिपाई म्हणून भरती झाले आणि 24 वर्षांची नोकरी पुरी करून 2011 साली हवालदाराच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. या काळात द्रासची थंडी, कुपवाड्यातील रात्रीची गस्त आणि महिनोन्‌महिने घरचे पत्र न मिळणे हे सारे त्यांनी भोगले. त्याविषयी मात्र ते फारसे बोलत नसत. नोकरीच्या अखेरच्या पर्वात त्यांची नेमणूक शांत ठाण्यावर झाली आणि तेथे एका नित्याच्या तपासणीत त्यांना रक्तदाबाचा विकार जडल्याचे आढळून आले. निवृत्तीपूर्वी जो मेडिकल बोर्ड बसतो, त्याने हे अपंगत्व 30 टक्के आणि आजन्म टिकणारे असल्याचे नमूद केले. मात्र त्याच कागदावर पुढच्या रकान्यात, हा विकार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. त्या शेऱ्याच्या आधारे डिसेबिलिटी पेन्शनची त्यांची मागणी नामंजूर झाली, आणि तसे कळविणारे इंग्रजी पत्र एके दिवशी टपालाने घरी आले.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आणि पत्राचा अर्थ मी आप्पांना वाचून सांगितला. सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल, असे त्यात शेवटी लिहिले होते. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सरकारनं नाही म्हटलं ना? मग नाही." त्या पत्रातील नकार त्यांना हिशेबातील बाब वाटला नव्हता; आपल्या नोकरीवरच कोणी तरी आक्षेप घेतला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आयुष्यभर ज्याने हुकूम पाळला, त्याला हुकुमाविरुद्ध दाद मागणे ही बेअदबी वाटते, हे मी तेव्हापासून अनेक माजी सैनिकांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि माझ्या मते या लोकांचे हक्क बुडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. पत्र ट्रंकेत गेले. पुढे काही वर्षांनी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन त्यांचा डावा हात लुळा पडला, तेव्हा घरात तो विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी वहिनींनी माझ्याकडे पाहून एवढेच म्हटले, "भावजी, आता तुम्हीच बघा."

तालुक्याच्या न्यायालयात ज्यांच्याकडे आमच्या वाटणीचे काम होते, त्या वकीलसाहेबांकडे मी प्रथम गेलो. त्यांनी कागद पाहिले आणि लष्करी पेन्शनचा कायदा आपल्या अभ्यासाचा नाही, हे प्रांजळपणे सांगून फी घेण्यास नकार दिला. त्यानंतर एका परिचिताने ज्या गृहस्थाशी गाठ घालून दिली, तो वकील नव्हता. सैनिकांची कामे करून देतो, असे स्वतःविषयी सांगत असे. थकबाकीच्या एकतृतीयांश रकमेवर त्याने हक्क सांगितला आणि हमी म्हणून आप्पांच्या सहीचे कोरे धनादेश मागितले. मी तेथून उठून आलो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला दाव्याच्या निकालावर अवलंबून असणारी फी ठरविण्याची, अथवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागण्याची मुभा नाही, हे मला पुढे समजले. त्याच नियमांनी वकिलाला स्वतःची जाहिरात करण्यासही मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे; परंतु तिचा एक परिणाम खेड्यातील निवृत्त सैनिकाला भोगावा लागतो, तो असा की, जो नियमाने चालतो तो वकील त्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि ज्याला कोणताच नियम बांधून ठेवत नाही तो दलाल त्याच्या दारापर्यंत चालत येतो.

योग्य वाट अखेर माजी सैनिकांच्या कॅन्टीनच्या रांगेत सापडली. तेथे भेटलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी पलटणीच्या दप्तरात हेड क्लार्क म्हणून आयुष्य काढले होते, आणि त्यांनी आप्पांची हकिकत ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मेडिकल बोर्डाचे पूर्ण कागद तुमच्याकडे आहेत का?" ते नव्हते. आमच्याकडे होते डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, आणि नकाराचे ते पत्र. सुभेदारसाहेब म्हणाले, वकिलाच्या शोधाला लागण्यापूर्वी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसकडे दोन कागदांच्या नकला मागा: भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा आणि निवृत्तीच्या वेळच्या बोर्डाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने अर्जाचा मसुदा तपासून दिला. कायद्याने 30 दिवसांत मिळावयास हवे असलेले उत्तर त्या मुदतीत आले नाही, म्हणून वरिष्ठांकडे अपील करावे लागले. त्यानंतर मात्र सारे कागद शिक्क्यांसह हाती आले. पुण्यातील ज्या वकीलबाईंचे नाव सुभेदारसाहेबांनी दिले होते, त्यांच्याकडे मी हा संच घेऊन गेलो.

त्या भेटीचे वर्णन मी थोडे सविस्तर करतो, कारण कायदेशीर साहाय्य म्हणून ज्याला म्हणावे ते मला प्रथमच तेथे पाहावयास मिळाले. आप्पा सोबत होते. आपण द्रासमध्ये केव्हा होतो, कोणत्या उंचीवर होतो, किती सोसले, हे सांगण्याची तयारी त्यांनी वाटेत मनाशी केली होती, कारण हा आजार नोकरीनेच जडला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागणार, अशी त्यांची आणि माझीही समजूत होती. वकीलबाईंनी त्यांना बसावयास सांगितले आणि कागद वाचण्यास प्रारंभ केला. भरतीचा फॉर्म त्यांनी सावकाश वाचला. मग बोर्डाचा कागद वाचला, आणि शेऱ्यापाशी बोट ठेवून म्हणाल्या, "आप्पा, तुम्हाला काहीही सिद्ध करायचं नाही. सिद्ध करायचं आहे ते त्यांनी."

मग त्यांनी आम्हास अपंगत्व पेन्शनच्या हक्काविषयीचे 1982 चे नियम समजावून दिले; 2008 पासून निवृत्त झालेल्यांसाठी या नियमांची नवी आवृत्ती निघाली असली, तरी बाईंची भिस्त जुन्या नियमांतील तत्त्वांवर आणि त्यांवरील निकालावर होती. सैनिक भरती होताना त्याच्या फॉर्मवर कोणत्याही व्याधीची नोंद नसेल, तर तो त्या वेळी सुदृढ होता असे गृहीत धरावयाचे, आणि पुढे आरोग्याच्या कारणाने त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले तर ती हानी सेवेमुळेच झाली असे मानावयाचे. मागणी करणाऱ्याकडून पुरावा मागावयाचा नाही, आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावयाचा. हा विकार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे बोर्डाचे मत असेल, तर त्याने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. निवृत्तीच्या वेळी जो सैनिक खालच्या वैद्यकीय श्रेणीत असतो, त्याची गणनाही आजारामुळे मुक्त केलेल्यांत होते, आणि आप्पा त्याच श्रेणीत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या जुलैत धर्मवीर सिंह यांच्या खटल्यात, अपस्माराच्या कारणाने नऊ वर्षांच्या नोकरीनंतर घरी पाठविलेल्या सैनिकाच्या बाजूने निकाल देताना, या नियमांचा अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला आहे. आप्पांच्या बोर्डाने कारण म्हणून एवढेच लिहिले होते की, विकाराचा आरंभ शांत ठाण्यावर झाला. चोवीस वर्षांच्या नोकरीतील डोंगरावरचे हिवाळे त्या एका वाक्यात कोठेच नव्हते.

हे ऐकताना आप्पांच्या चेहऱ्यावर जो पालट झाला, तो मी विसरणार नाही. कायदा इतकी वर्षे त्यांच्या बाजूला उभा होता आणि त्यांना ते कोणी सांगितले नव्हते. शिपायाच्या बाजूचा नियम शिपायाला ठाऊकच नसेल, तर तो नियम केवळ दप्तराचा होऊन राहतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते. मला असेही वाटते की, निवृत्तीच्या दिवशी डिस्चार्ज बुकाबरोबर त्याच्या भाषेत लिहिलेला एक कागद देऊन हे सारे सांगितले गेले पाहिजे.

पुढील कामकाज थोडक्यात सांगण्याजोगे आहे. विलंब माफ करण्याच्या विनंतीसह प्रथम लष्कराच्याच अपील समितीकडे अर्ज गेला, आणि तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. मग 2017 साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे अर्ज दाखल झाला. 2007 च्या कायद्याने निर्माण झालेले हे न्यायाधिकरण 2009 पासून कामकाज करीत आहे. महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांतील सैनिकांची प्रकरणे मुंबईस चालतात, आणि पीठावर एक न्यायिक सदस्य व एक लष्करातील अनुभवी असे दोघे बसतात. अर्जदाराला स्वतःही उभे राहून बाजू मांडता येते, परंतु ज्याने नियम वाचलेले नाहीत त्याने ते धाडस करावे असे मी म्हणणार नाही. काही तारखा तहकूब झाल्या, सरकार पक्षाची कैफियत उशिरा आली, आणि अखेर पीठाने आप्पांचा विकार सेवेमुळे बळावलेला मानून पेन्शनचा हुकूम दिला.

या हुकुमात दोन गोष्टी होत्या, ज्यांची कल्पना बाईंनी आम्हास आधीच देऊन ठेवली होती. पहिली लाभाची: 50 हून कमी टक्क्यांचे अपंगत्व हिशेबासाठी 50 टक्के धरण्याची जी सवलत पूर्वी केवळ आजारामुळे मुदतीआधी नोकरी सोडावी लागलेल्यांनाच मिळे, ती मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या डिसेंबरात राम अवतार यांच्या प्रकरणात दिला होता, त्यामुळे शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, या प्रमाणाने आप्पांना वेतनाचे 15 टक्के लागू झाले. दुसरी हानीची: तरसेम सिंह यांच्या 2008 च्या निकालाप्रमाणे विलंबाने आलेल्या दाव्यात थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून 2011 ते 2014 या काळाचे पैसे गेले ते गेलेच. हुकूम झाल्यावरही रक्कम येईना, तेव्हा अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागला आणि त्याची नोटीस गेल्यावर सुधारित पीपीओ निघाला. वकीलबाईंनी सुरुवातीस जी फी सांगितली होती, तेवढीच घेतली.

तेव्हापासून गावातील लोक असे कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी वकील नाही, हे त्यांना आधी सांगतो. मग भरतीचा फॉर्म व बोर्डाचे कागद आहेत का, ते विचारतो. जे 21 सप्टेंबर 2023 पासून पुढे निवृत्त झाले, त्यांना नवे नियम लागू आहेत, म्हणून त्यांनी आप्पांच्या हुकुमावर विसंबून न राहता प्रथम वकिलाचा सल्ला घ्यावा, असे बजावतो. अलीकडे खालच्या आळीतील एक काकू आल्या होत्या. त्यांचे यजमान असाच नकार घेऊन घरी बसले आणि दाद न मागताच वारले. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे मी त्यांना सांगितले आणि पतीच्या हयातीतील थकबाकी वारस म्हणून मागता येते, हेही सांगितले. त्यांच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेला असून पोच आली आहे. नकला मिळाल्या की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांच्यासोबत जावयाचे आहे, आणि आप्पांनीही येतो म्हणून सांगितले आहे.