बाबांची झेन

आमची २००४ची झेन मुलुंडच्या आमच्या सोसायटीत आता एकटीच उरली आहे. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन नोंदणी वाढवून आणली, ग्रीन टॅक्स भरला. पण यंदा पीयूसीत नापास! या पिढीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, आमचा आकडा बराच वर. "काढून टाका आता," शेजारचे काका म्हणाले. बाबा काहीच बोलले नाहीत.

संशय ऑक्सिजन सेन्सरवर होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. तो म्हातारा झाला की चुकीचं सांगायला लागतो. मग पेट्रोल जास्त जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होऊ शकतो.

रविवारी गार इंजिनावर काम काढलं. गंजलेल्या आट्यांवर तेल सोडलं, अर्ध्या तासाने २२चा पाना लावला. हलेना! बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. "नुसता जोर नको लावूस, झटका दे." निघाला की हो! नवा बसवायला दहा मिनिटं.

सोमवारी पीयूसी पास. गुडघ्यांमुळे बाबा आता गाडी चालवत नाहीत. पण कितीतरी दिवसांनी त्यांनी मला काहीतरी शिकवलं. नव्या गाडीचं नंतर बघू.