सातचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावात 2022 सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक नवा शिरस्ता सुरू झाला: सायंकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद होतात, आणि साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत ते बंदच राहतात. टाळेबंदीच्या काळात शाळाच मोबाइलवर आली होती, आणि वर्ग पूर्ववत भरू लागल्यावरही मुलांच्या हातून तो सुटेना, ही शिक्षकांची कैफियत या निर्णयाच्या मुळाशी होती. सरपंच विजय मोहिते यांनी हा विषय गावातील स्त्रियांच्या सभेपुढे ठेवला, तिने तो उचलून धरला, आणि अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून लोकांची समजूत घालू लागले. त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसतात याचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तच आहे. परंतु मला स्वतःला या हकिकतीत अधिक मोलाचे वाटते ते हे, की तेथे सारे गाव एकाच वेळी विश्रांती घेते.

कारण मनुष्य जेव्हा एकटाच फोन बंद करून बसतो, तेव्हा यंत्र निजते, पण त्याच्याभोवती उभा राहिलेला अपेक्षांचा सारा कारभार जागाच असतो. कचेरीतल्या वरिष्ठाने काही विचारले असेल, मित्राच्या निरोपाला उत्तर गेले नाही म्हणून त्याने गैरसमज करून घेतला असेल, नातलगांच्या गटावर एखादी बातमी येऊन सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली असेल आणि त्यात आपलीच हजेरी लागली नसेल, अशा शंकांनी ते बिचारे मन बंद यंत्राच्या दारात पहारा देत राहते. वडगावात सव्वासात वाजता कोणी कोणाच्या उत्तराची वाट पाहत नाही. विश्रांती जी काही मिळते ती या अपेक्षाशून्यतेतून मिळते, आणि ती एकट्याच्या निग्रहाने सहसा हाती येत नाही.

निग्रहाचा पराभव होतो याचा दोष मी माणसांच्या दुर्बलतेला देणार नाही. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रदीर्घ प्रयोगांची नोंद आहे; चोच मारल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, म्हणजे ती कबुतरे सर्वांत चिकाटीने चोच मारीत राहत. आपल्या हातातल्या पडद्यावर सुखद निरोप केव्हा येईल याचाही नेम नसतो, आणि बोटाने वर सारीत राहिले तर मजकुराला शेवट म्हणून नसतो. ही अंतहीन सरकपट्टी ज्यांनी 2006 साली रचली त्या एझा रॅस्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मूक करून मेजावर पालथा ठेवलेला फोनसुद्धा जवळ बसलेल्याच्या बुद्धीचा काही अंश अडवून धरतो आणि तो दुसऱ्या दालनात ठेवला असता ती अधिक मोकळी राहते, असे आढळले. पुढे इतरांनी केलेल्या पडताळण्यांत हा परिणाम सर्वत्र सारखा दिसला नाही हे खरे. तरीही वस्तू दृष्टीआड करण्याची जुनी रीत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या दप्तराच्या कुटीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सरकारने बसविलेला दूरध्वनी जपून ठेवलेला आहे. सरकारशी संधान जोडणारी ती तार त्या मातीच्या भिंतींत आली, पण गांधीजी दर सोमवारी पाळीत ते मौन तिने मोडले नाही. 2 जून 1947 हा दिवस सोमवार होता. त्या दिवशी माउंटबॅटन यांनी फाळणीची योजना पुढे ठेवली असता गांधीजींनी आपले म्हणणे जुन्या पाकिटांच्या पाठींवर पेन्सिलीने लिहून दिले. तातडीच्या प्रश्नावर मोठ्या अधिकाऱ्याशी बोलणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा, असे दोन अपवाद या मौनाला त्यांनी आरंभीच ठरवून ठेवले होते, हेही त्या कागदांत नमूद आहे. सर्व देशाला ठाऊक असलेला वार आणि आधीच जाहीर केलेली मुभा, या दोन गोष्टींमुळे ते मौन कोणाला तुटकपणाचे वाटले नाही आणि ते पाळणाऱ्यालाही सारखे समर्थन करीत बसावे लागले नाही.

अशा विरामात प्रारंभी सुख असते असे मात्र कोणी समजू नये. आमच्या घरी रात्रीच्या जेवणापूर्वीचा तास फोन कपाटात ठेवण्याची वहिवाट पडली आहे, आणि पहिली काही मिनिटे हात आपोआप खिशाकडे जातो, घरात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. त्यानंतर, दिवसभर तहकूब ठेवलेली प्रकरणे एकेक करून मनापुढे रुजू होतात, एखादे अप्रिय पत्र, वडिलांची खालावणारी प्रकृती, कोणाला दिलेला आणि न पाळलेला शब्द. ही प्रकरणे सुखाची नसतात. पण ती निकालात काढायची तर आधी त्यांची सुनावणी व्हावी लागते, आणि ज्याच्या मनाला दिवसातून एकदाही असा रिकामा अवकाश मिळत नाही त्याची चिंता कमी होत नसून केवळ पुढच्या तारखेवर ढकलली जाते, असे माझे मत होत चालले आहे.

म्हणून सर्वांनी एकाच वेळी फोन बंद ठेवण्याचा विषय आमच्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेपुढे मांडण्याचे मी योजिले आहे. आक्षेप येतील आणि त्यांतले काही खरेही असतील: तिसऱ्या मजल्यावरील वृद्ध दांपत्याला अमेरिकेतील मुलाचा फोन नेमका सायंकाळी येतो, कोणाची मुलगी रुग्णालयात रात्रपाळीला असते, कोणाचे आईवडील कोकणात एकटे राहतात. त्या सर्वांसाठी फाटकावरच्या चौकीतला क्रमांक खुला ठेवावा आणि निरोप येताच पहारेकऱ्याने वर जाऊन कळवावे. त्या वृद्ध दांपत्याला तर आरंभापासूनच पूर्ण मुभा असावी. वेळ मात्र सर्वांची एक हवी, आणि ती 8 ते 9 असावी असे मी सुचविणार आहे, कारण तेव्हा कामावरून परतलेली माणसे बहुधा घरी असतात आणि मुले अजून जागी असतात.