बेंजो नावाच्या वाद्याविषयी

ज्या वाद्याला मराठवाड्यात, सोलापुरात आणि मुंबईच्या वस्त्यांतही 'बेंजो' म्हणतात, ते वाद्य खरे पाहता बेंजो नव्हे. मूळ बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांचा. भोपळ्यावर कातडे ताणून आणि त्याला लांब दांडी जोडून तो घडला. आमच्याकडच्या बेंजोला कातडेही नाही आणि दांडीही नाही. ती दोन-अडीच फूट लांबीची लाकडी पेटी असते. तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, म्हणजे खालची तार पडद्याला टेकते, आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या नखीने ती छेडायची. याचे पुस्तकी नाव 'बुलबुल तरंग'. जळकोटात ते नाव आम्ही कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. (जळकोट नावाचे तालुक्याचे गाव लातूर जिल्ह्यातही आहे. आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले, नळदुर्गच्या पुढे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे. एकाच नावाखाली दोन गोष्टी नांदण्याची आम्हांला त्यामुळे जन्मापासून सवय आहे.)

या वाद्याचा जन्म जपानमधला, आणि त्याची साल निश्चित ठाऊक आहे : १९१२. नागोया शहरातल्या मोरिता गोरो या वादकाने परदेशात पाहिलेल्या टाइपरायटरची बटणे आणि आपल्याकडचे तंतुवाद्य यांची सांगड घातली. त्याच वर्षी सम्राट तैशो गादीवर आला, म्हणून 'तैशोगोतो', म्हणजे तैशो काळातले कोतो. कोतो हे तेरा तारांचे प्राचीन दरबारी वाद्य. हे त्याचे स्वस्त, आखूड, घरगुती धाकटे भावंड. जपानी मालाबरोबर ते आशियाच्या बंदरांत पोचले आणि प्रत्येक ठिकाणी त्याने निराळा संसार थाटला. बलुची वादकांनी त्याची लांबी वाढवली, त्याला 'बेंजू' म्हटले आणि आपल्या गंभीर मैफलीत बसवले. पूर्व आफ्रिकेत मोंबासाच्या तारब गायनात ते शिरले. पंजाबात ते गाण्याच्या साथीला बसले. महाराष्ट्रात मात्र ते रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर यायचे तर त्याला वीज लागली.

इथे गिटारचा दाखला द्यावासा वाटतो. विजेवरच्या गिटारमध्ये तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते, ती वाढवून कर्ण्यात सोडायची. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९५६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक ही दोन आखूड गिटारे काढली. मोठ्या गिटारची तार साडेपंचवीस इंच, यांची साडेबावीस. त्याच स्वरासाठी आखूड तार कमी ताणावी लागते, पडदे जवळ येतात, लहान बोटांना श्रम पडत नाहीत. १९६४ मध्ये त्याच घराण्यात 'मस्टँग' आली. ही सारी शिकाऊ पोरांची स्वस्त वाद्ये म्हणून दुय्यमच मानली जात. पुढे १९९० च्या दशकाच्या आरंभी 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेनने मस्टँग गळ्यात घातली, आणि तिला प्रतिष्ठा आली. आज तिच्या प्रत्येक आवृत्तीचे साल, रंग, दांड्याची रुंदी यांची नोंद मिळते. आमचा बेंजोही आखूड, पोलादी तारांचा आणि त्याच तत्त्वावर विजेला जोडलेला. परंतु त्याच्या पेटीखाली पहिल्यांदा लोहचुंबक कुणी बसवला, कुठल्या गल्लीत, कुठल्या साली, याची नोंद आमच्या वाचनात आलेली नाही. जपानमधल्या जन्माची साल सांगता येते, इथल्या पुनर्जन्माची सांगता येत नाही.

वास्तविक तो पुनर्जन्म हीच मोठी गोष्ट होती. गिटारवादकाचे बोट थेट तारेला भिडते, म्हणून त्याला तार खेचता येते. बेंजोत बोट आणि तार यांच्यामध्ये बटण आडवे येते. मींड जवळजवळ नाहीच. दीर्घ स्वर धरायचा तर नखीने तार अखंड झरझर छेडत राहायचे. ही उणीव होती, तीच वादकांनी शैली केली. ढोल, ताशा, हलगी यांच्या गदारोळात तो कापरा, धातूचा, किंचित किनरा आवाज वर उठतो आणि गाण्याची ओळ सांगतो. सांगतो म्हणजे शब्दांवाचून सांगतो. शब्द ऐकणाऱ्याच्या ओठांवर असतात. भीमगीत असो, कोळीगीत असो की देवीचे गाणे, बेंजो अर्धे वाजवतो आणि उरलेले रस्ता म्हणतो. संहिता आणि श्रोता यांच्या नात्यावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. त्याचे इतके उघड उदाहरण आम्हांला दुसरे सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट जातीची. गावगाड्यात हलगी कुणी वाजवायची, सनई कुणी फुंकायची हे जन्माने ठरत असे. वाद्याला कातडे होते आणि कातड्याला विटाळ होता. वाजवणारा मिरवणुकीच्या पुढे चाले, पण पंगतीला मागे बसे. बेंजो बाजारातून आला. त्याला कातडे नव्हते, बलुते नव्हते, घराणे नव्हते. आम्ही पाहिलेल्या बेंजो पार्ट्यांत मातंग, मुसलमान, धनगर, मराठा अशी सगळी पोरे एकाच टेम्पोत बसून जात. जात सुटली, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण या वाद्याला ती चिकटलेली नव्हती, एवढे खरे.

१९९३ च्या गणपतीत आम्ही शाळेत होतो. २९ सप्टेंबरला विसर्जन झाले. रात्री उशिरापर्यंत बेंजो वाजत होता, आणि आम्ही अंगणात पडल्या पडल्या तो कुठल्या आळीला पोचला हे आवाजावरून ओळखत होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावे दुसऱ्या दिवशी साऱ्या जगाला ठाऊक झाली. तिकडचीही पुष्कळ माणसे मिरवणुकीहून येऊन नुकतीच निजली होती. आमच्या आळीत पुढल्या वर्षी गणपती बसला, परंतु वाद्य लागले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढे कितीतरी दिवस तो सूर ऐकवत नसे.

हे सारे आज लिहावेसे वाटले ते एका विद्यार्थ्यामुळे. पदव्युत्तर वर्गातला हा मुलगा लग्नसराईत हमखास गैरहजर असे. बेंजो वाजवून तो स्वतःची फी भरी. लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी त्याने बेंजो हाच विषय मागितला. आम्ही दोघांनी शिफारस केली. विषय निवडणाऱ्या समितीतून उत्तर आले की हे लोकवाद्य नव्हे, परकीय आणि विजेवरचे आहे. संबळ किंवा तुणतुणे घ्यावे. तुळजापूर जवळ, गोंधळी परंपरा थोर, साहित्य विपुल. सल्ला सोयीचा होता. आम्ही लेखी विचारले की हार्मोनियम तर १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मली, मग तिच्यावाचून एक तरी भजनी मंडळ दाखवता येईल काय? या पत्राला उत्तर आले नाही. मुलाने संबळावर प्रकल्प लिहिला आणि त्याला चांगले गुण पडले.

गंमत अशी, की रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच वाद्यावर 'बँजो' हा हिंदी चित्रपट काढला तेव्हा नायकाच्या भूमिकेत आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्याचे रितेश देशमुख होते. पडद्यावर मान मिळाला, पण रस्त्यावर तोवर डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. २०१८ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरची बंदी तात्पुरती उठवायलाही नकार दिला, तेव्हा बेंजोवाल्यांना आशा वाटली. आमच्या भागातल्या मंडळांनी मात्र ढोल-ताशांची पथके बोलावली, कारण सर्वांच्या तोंडी शब्द होता 'पारंपरिक'. बेंजो डीजेत बसत नव्हता आणि परंपरेतही बसत नव्हता.

त्या विद्यार्थ्याची वही आमच्याकडे आहे. प्रकल्पाला उपयोग नाही म्हणून तो ठेवून गेला. आता तो पुण्याला एका गोदामात नोकरी करतो. वहीत गाणी आहेत, पण शब्द नाहीत. प्रत्येक बटणाला त्याने क्रमांक दिला आहे, आणि पानेच्या पाने केवळ आकड्यांच्या ओळी आहेत. लांबवायच्या स्वराखाली रेघ आहे, थांबायचे तिथे टिंब आहे. काही गाण्यांना शीर्षक आहे, काहींना 'वरात', 'हळद', 'जयंती' एवढीच खूण. आमच्यापैकी एकाने घरच्या हार्मोनियमवर ते आकडे लावून पाहिले, तेव्हा सात-आठ चाली ओळखू आल्या. एका चालीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिले आहे : 'सास्तूरला वाजवायचे नाही.' ती चाल अजून लागलेली नाही.